टीव्हीचं बिल: सुटे चॅनेल घ्यायचे की पॅक, हे गणित घरी कसं मांडायचं

सुटे चॅनेल स्वस्त की पॅक स्वस्त, याचं सगळ्या घरांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. तुमच्या घरापुरतं उत्तर मात्र तासाभरात काढता येतं. त्यासाठी तीन गोष्टी हाताशी हव्यात: घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलची यादी, प्रत्येक चॅनेलची एमआरपी, आणि तो चॅनेल कोणत्या कंपनीचा आहे ही माहिती. बहुतेक घरांत हिशेब चुकतो तो चॅनेलची संख्या मोजल्यामुळे. 'एवढ्या पैशांत नव्वद चॅनेल' हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यातले साठ मोफतच असतात. हिशेब रुपयांत करायचा, आणि तोही एकेका कंपनीचा वेगळा.

बिलात नेमकं काय असतं

केबल असो वा डिश, बिलाचे भाग तीनच: नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफ, सशुल्क चॅनेलचे पैसे, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी.

एनसीएफ म्हणजे वीजबिलातल्या स्थिर आकारासारखी रक्कम. तुम्ही एकही सशुल्क चॅनेल घेतला नाहीत तरी ती भरावी लागते. ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली तेव्हा १०० एसडी (साध्या चित्राच्या) चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैसे, अशी मर्यादा होती. पुढच्या प्रत्येक २५ चॅनेलला २० रुपये लागत आणि एक एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) चॅनेल दोन एसडी चॅनेलइतका मोजला जाई. २०२० च्या दुरुस्तीत १३० रुपयांत २०० चॅनेल आले, त्यापुढे कितीही चॅनेल घेतले तरी १६० रुपयांची कमाल मर्यादा आली, आणि दूरदर्शनचे सक्तीचे चॅनेल या मोजणीतून वगळले गेले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता ही फी ऑपरेटर, म्हणजे तुमची केबल किंवा डिश कंपनी, ठरवतो, आणि भागानुसार किंवा ग्राहकांच्या वर्गानुसार ती वेगवेगळी ठेवण्याची त्याला मुभा आहे. म्हणून शेजारच्याचं बिल पाहून स्वतःचं ठरवू नका. 'माझ्या कनेक्शनची एनसीएफ किती, आणि ती किती चॅनेलसाठी?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

एक गैरसमज इथेच दूर करू. यादीतले नको असलेले मोफत चॅनेल काढून टाकले की बिल उतरेल, असं अनेकांना वाटतं. एनसीएफच्या ठरलेल्या मर्यादेत असाल तर एका पैशाचाही फरक पडत नाही. मोफत चॅनेल आधीच एनसीएफमध्ये धरलेले असतात. बिल कमी-जास्त होतं ते सशुल्क चॅनेलमुळे.

पॅकचे तीन प्रकार आणि त्यामागचे नियम

पहिला प्रकार ब्रॉडकास्टरच्या, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपनीच्या पॅकचा, ज्याला बुके म्हणतात. यात एकाच कंपनीचे किंवा तिच्या समूहाचे सशुल्क चॅनेल असतात. दुसरा ऑपरेटरचा पॅक: केबल कंपनी किंवा डिश कंपनी वेगवेगळ्या ब्रॉडकास्टरचे चॅनेल आणि बुके एकत्र बांधून 'मराठी फॅमिली' अशा धाटणीच्या नावाने विकते. तिसरा तुम्ही स्वतः बांधलेला, म्हणजे सुटे चॅनेल आणि हवे तेवढे बुके यांची तुमची आपली यादी. ऑपरेटरच्या ॲपमध्ये पहिल्याच पानावर दुसरा प्रकार असतो. तिसरा शोधावा लागतो.

ब्रॉडकास्टरने आपला प्रत्येक सशुल्क चॅनेल सुटा विकायला ठेवलाच पाहिजे आणि ऑपरेटरनेही तो सुटा दिलाच पाहिजे, असा नियम आहे. 'पॅक घ्यावाच लागेल' हे वाक्य त्यामुळे नियमात बसत नाही. चॅनेलची एमआरपी ही कमाल किंमत असते. ऑपरेटर त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही.

बुकेमध्ये जाणाऱ्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. मोठ्या मालिका-चॅनेलची एमआरपी नेमकी १९ वर का थांबलेली दिसते, याचं कारण हेच. १९ च्या वर गेला की चॅनेल बुकेबाहेर पडतो, आणि कंपनीला तो बुकेत हवाच असतो, कारण बाकीचे कमी पाहिले जाणारे चॅनेल त्याच्याच जोरावर घरात शिरतात. मध्यंतरी ट्रायने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली होती. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे वाद चालले, आणि नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने १९ रुपये परत आले. ते १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. त्याच दुरुस्तीत दुसरी मर्यादा घातली गेली: बुकेतल्या चॅनेलच्या सुट्या किमतींच्या बेरजेवर ब्रॉडकास्टर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देऊ शकतो. ऑपरेटरला स्वतःच्या पॅकवर पूर्वी १५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येत होती, जुलै २०२४ नंतर ती मर्यादाही ४५ टक्के झाली.

सशुल्क चॅनेलच्या बुकेत मोफत चॅनेल घालता येत नाही, आणि एकाच चॅनेलची एसडी व एचडी आवृत्ती एका बुकेत ठेवता येत नाही. या दोन नियमांचा उपयोग पुढे चुका शोधताना होतो.

५५ टक्क्यांची कसोटी

४५ टक्के कमाल सूट म्हणजे बुकेची किंमत आतल्या सगळ्या चॅनेलच्या सुट्या बेरजेच्या ५५ टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. तेव्हा एखाद्या कंपनीच्या बुकेतले तुम्हाला हवे असलेले चॅनेल बेरजेच्या ५५ टक्क्यांपेक्षा कमी किमतीचे असतील, तर सुटे घेणंच स्वस्त. तिथे बुकेचा विचारही करायला नको. ५५ टक्क्यांच्या वर गेलात, तर बुकेची प्रत्यक्ष किंमत पाहून ठरवायचं.

उदाहरण घेऊ. भाव केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या कागदावर आजच्या एमआरपी लिहा. समजा 'क' कंपनीच्या बुकेत सात चॅनेल आहेत: मराठी मालिका १९, मराठी सिनेमा १०, हिंदी मालिका १९, हिंदी सिनेमा १२, संगीत २, बातम्या १, माहितीपर ५. बेरीज ६८ रुपये. ५५ टक्के म्हणजे ३७ रुपये ४० पैसे, आणि बुके ३८ ला मिळतो असं धरू.

घरात मराठी मालिका आणि मराठी सिनेमा एवढंच पाहिलं जात असेल तर सुटे २९ रुपयांत येतात. बुके ९ रुपयांनी महाग. आता आजीला त्याच कंपनीचा हिंदी मालिकांचा चॅनेलही हवा आहे. सुट्यांची बेरीज ४८ झाली, बुके १० रुपयांनी स्वस्त ठरला. सातपैकी तीनच चॅनेल पाहिले जातात, तरी बुके फायद्याचा. आणि याच्या उलट, एखाद्या घरात मराठी सिनेमा, संगीत, बातम्या आणि माहितीपर असे चार चॅनेल लागतात. संख्येने निम्म्याहून जास्त, पण बेरीज फक्त १८. तिथे बुके दुपटीहून महाग पडतो. १९ रुपयेवाले किती हवेत, यावर बहुतेक हिशेब ठरतो: एका कंपनीचा एकच असेल तर साधारण सुटा, दोन किंवा तीन झाले की बुके तपासायचा.

आता पायरीपायरीने

१. यादी. आठ दिवस टीव्हीजवळ एक कागद ठेवा, शनिवार-रविवार त्यात यायला हवा. घरातल्या प्रत्येकाने जो चॅनेल पंधरा मिनिटांहून जास्त पाहिला त्याचं नाव लिहायचं. 'आवडतो' म्हणून सांगितलेले आणि खरोखर लावलेले चॅनेल यांत बराच फरक निघतो. मुलांच्या परीक्षा किंवा सुट्टी चालू असेल तर तेवढं लक्षात घ्या, कार्टूनचा आणि खेळाचा हिशेब सुट्टीत बदलतो. यादी झाली की तीन खुणा करा: रोजचा, हंगामी (खेळ, एखादा रिॲलिटी शो), आणि ॲपवर चालेल असा.

२. कंपनी. प्रत्येक चॅनेलपुढे मालकाचं नाव लिहा. मराठीपुरतं सांगायचं तर झी मराठी, झी युवा आणि झी टॉकीज एका घरातले. सोनी मराठी सोनीच्या समूहात, सन मराठी सन समूहात. स्टार प्रवाह, प्रवाह पिक्चर आणि कलर्स मराठी यांच्या बाबतीत जुनी माहिती अजून डोक्यात असेल तर ती बदला: डिस्ने स्टार आणि वायकॉम १८ यांचं विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे हे तिन्ही आता जिओस्टारचे. म्हणजे या चॅनेलसाठी पूर्वी दोन वेगळे दरपत्रक पाहावे लागत, ते आता एकाच कंपनीच्या दरपत्रकात शोधायचे. बातम्यांचे अनेक मराठी चॅनेल मोफत असतात. ज्यांना किंमत आहे तीही सहसा किरकोळ असते, त्यामुळे बातम्यांसाठी कधीही बुके घेऊ नका.

३. किंमत. बॉक्सच्या मेन्यूत किंवा ऑपरेटरच्या ॲपमध्ये चॅनेलच्या नावाजवळ एमआरपी दिसते. शंका आली तर ब्रॉडकास्टरच्या वेबसाइटवर दरपत्रक असतं, ते प्रसिद्ध करणं त्यांना बंधनकारक आहे. किंमत लिहिताना करासह की कराविना, हे ठरवून एकच पद्धत ठेवा. ॲपवर काही ठिकाणी १९ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी २२.४२. चॅनेल तोच, १८ टक्के मिळवले की १९ चे २२.४२ होतात. एका यादीत दोन्ही मिसळले की तुलना फसते.

४. कंपनीवार कसोटी. वर दाखवली तशी ५५ टक्क्यांची बेरीज प्रत्येक कंपनीसाठी करा. एका कंपनीचा बुके आणि दुसऱ्या कंपनीचे सुटे असं मिश्रणच बहुतेक घरांत सगळ्यात स्वस्त निघतं.

५. पूर्ण बिल. आता वरच्या घराचं उदाहरण पुढे नेऊ. 'क' चे दोन चॅनेल २९, 'ख' कंपनीचा एक मराठी चॅनेल १२, खेळाचा एक १९, कार्टून ५. बेरीज ६५. एनसीएफ १३० धरली तर १९५, त्यावर ३५.१० जीएसटी, एकूण २३० रुपये १० पैसे. याच चार कंपन्यांचे बुके घेतले असते आणि ते ३८, २५, ४० आणि १५ रुपयांना असते, तर ११८ अधिक १३० म्हणजे २४८, आणि करासह २९२ रुपये ६४ पैसे. फरक महिन्याला ६२.५४, वर्षाला साडेसातशे रुपये. आजीसाठी फक्त 'क' चा बुके घेऊन बाकी सगळं सुटं ठेवलं तर बिल २४० रुपये ७२ पैसे, म्हणजे सुट्या यादीपेक्षा १० रुपये ६२ पैसे जास्त. आजीचा चॅनेल त्यात आला, हिंदी सिनेमाही आला. अशा ठिकाणी हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

६. ऑपरेटरच्या पॅकशी तुलना. स्वतःची बेरीज हातात आल्यावरच हे करा. पॅकवर छापलेल्या किमतीत एनसीएफ धरली आहे का आणि जीएसटी धरला आहे का, हे दोन प्रश्न विचारा. मग पॅकमधली सशुल्क चॅनेलची यादी घेऊन तुमच्या यादीवर टिक करा. तुमचा एखादा चॅनेल पॅकमध्ये नसेल तर तो सुटा घेतल्यावर पॅकचं बिल किती होतं ते पाहा. ४५ टक्क्यांपर्यंतच्या सवलतीमुळे हे पॅक २०२४ नंतर पूर्वीपेक्षा खूप स्वस्त करता येतात, त्यामुळे 'ऑपरेटरचा पॅक म्हणजे महागच' हे जुनं समीकरण आता डोळे झाकून धरू नका. पाच-सहा कंपन्यांचे १९ रुपयेवाले चॅनेल पाहणाऱ्या एकत्र कुटुंबाला असा पॅक सरळसरळ परवडू शकतो.

७. बदल करणं. आधी सध्याच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा. मग सध्याच्या पॅकला काही मुदत आहे का ते बघा. वर्षाचे पैसे आगाऊ भरून एक-दोन महिने मोफत मिळाले असतील, तर मध्येच पॅक मोडल्यावर ती सवलत जाऊ शकते. अशा वेळी मुदत संपेपर्यंत थांबणंच फायद्याचं. डिशवर बहुधा रोजच्या रोज पैसे कापले जातात, त्यामुळे बदल महिन्याच्या मधे केला तरी नुकसान होत नाही. तरी ॲप 'आजपासून' म्हणतंय की 'पुढच्या रिचार्जपासून', ते वाचूनच बटण दाबा.

केबलवाल्याशी बोलताना

डिशवर ॲप असतं. केबलवर माणूस असतो, आणि त्याच्याशी बोलण्याची रीत वेगळी. फोन करण्याआधी बॉक्सचा व्हीसी नंबर (म्हणजे कार्डाचा क्रमांक) आणि चॅनेल क्रमांकांसह यादी लिहून ठेवा आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवा. मग एवढंच बोला: "दादा, यादी पाठवलीय, तेवढेच सुटे टाका. आणि एनसीएफ, चॅनेल, जीएसटी असं वेगवेगळं करून सांगा." पलीकडून "सुटे महाग पडतात ताई, तीनशेचा पॅकच घ्या" असं आलं, तर वाद घालू नका. "चालेल, दोन्हींची बेरीज पाठवा" म्हणा. लेखी बेरीज मागितली की गोलमोल आकडा बहुधा नीट मांडून येतो.

त्याची बाजूही समजून घ्या. ब्रॉडकास्टर ऑपरेटरला एमआरपीच्या किमान २० टक्के वितरण शुल्क देतो आणि वर १५ टक्क्यांपर्यंत प्रोत्साहनपर सूट देऊ शकतो. पॅक मोठा तर त्यातला वाटाही मोठा. शिवाय शे-दोनशे घरांना एकच पॅक लावणं मिनिटाचं काम, आणि प्रत्येक घराची सुटी यादी म्हणजे मुख्य केबल कंपनीच्या पोर्टलवर बसून एकेक चॅनेल टिक करणं. एनसीएफची विभागणी मुख्य कंपनी आणि स्थानिक केबलवाला यांच्यात होते. वेगळा करार नसेल तर ती ५५ आणि ४५ टक्के अशी ठरलेली आहे. घासाघीस करायची तर एनसीएफवर करा, तिथे त्याला हलायला जागा आहे. १३० चे १०० झाले तर करासह महिन्याला ३५ रुपये ४० पैसे वाचतात. चॅनेल कापून एवढं वाचवायला १९ रुपयांचे जवळजवळ दोन चॅनेल सोडावे लागतील.

पावती घ्याच. 'केबल ३००' एवढंच लिहिलेल्या पावतीवर पुढे कसलीही तक्रार उभी राहत नाही.

पैसे कुठे गळतात

सगळ्यात जास्त गळती एकाच चॅनेलचे दोनदा पैसे जाण्यात होते. ऑपरेटरच्या पॅकमध्ये मराठी मालिकेचा चॅनेल असतो, नंतर कुणीतरी त्या कंपनीचा बुके वर घेतो, आणि तोच चॅनेल दोन्हींत येतो. बिलात फक्त पॅकची नावं दिसतात, चॅनेलची नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. उपाय एकच: दोन्ही पॅकच्या याद्या उघडून ताडून पाहा. तीच गोष्ट एसडी-एचडीची. एका बुकेत दोन्ही येत नाहीत, पण एसडीवाला पॅक आणि वर सुटा एचडी घेतला की दोन्हींचे पैसे लागतात, आणि घरात कुणी एसडीवर परत जात नाही. एचडी ठेवायचा असेल तर त्या चॅनेलचा एसडी कुठून येतोय ते शोधून काढा. बॉक्स मुळात एसडीचा असेल तर एचडी चॅनेलचे पैसे भरूनही तो दिसणार नाही, म्हणून आधी बॉक्सवरची खूण बघा.

दुसरी गळती खेळाची. विश्वचषकासाठी घेतलेला खेळाचा चॅनेल स्पर्धा संपल्यावर कुणी काढत नाही. १९ रुपयांचा एक चॅनेल करासह महिन्याला २२.४२. वर्षातले तीन महिने लागत असेल आणि बाराही महिने ठेवला, तर दोनशेहून जास्त रुपये वाया. चॅनेल घेतानाच मोबाइलवर काढण्याच्या तारखेचं रिमाइंडर लावा.

तिसरी गळती दरपत्रक बदलताना होते. ब्रॉडकास्टर नवे दर जाहीर करतो, बुकेतले चॅनेल इकडचे तिकडे होतात, आणि ऑपरेटर तुम्हाला 'तत्सम' पॅकवर आपोआप नेतो. पॅकचं नाव तेच राहतं, आतला माल बदलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून वाद होऊन देशभरातल्या अनेक केबल ग्राहकांचे मोठ्या कंपन्यांचे चॅनेल काही दिवस बंदही पडले होते. दर बदलल्याची बातमी किंवा मेसेज आला की आपली यादी पुन्हा एकदा उघडून बघायची.

दुसरा टीव्ही

घरात दोन बॉक्स असतील तर दुसऱ्यावर पहिल्याचीच यादी उमटवलेली असते. पडवीतल्या किंवा स्वयंपाकघरातल्या टीव्हीला एवढं लागतं का, ते पाहा. दुसऱ्या बॉक्ससाठी वेगळी आणि छोटी यादी मागा: एक मराठी मालिकांचा चॅनेल आणि बाकी मोफत. २०२० च्या नियमांत दुसऱ्या आणि पुढच्या कनेक्शनला मुख्य एनसीएफच्या ४० टक्क्यांहून जास्त घेता येत नव्हतं. आज फी ठरवण्याची मोकळीक असली तरी दर मागताना तो आकडा समोर ठेवायला हरकत नाही.

क्रिकेट, डीडी स्पोर्ट्स आणि फ्री डिश

डीडी स्पोर्ट्स मोफत आहे, मग भारताचा सामना त्यावर का दिसत नाही, हा प्रश्न केबल आणि खासगी डिशवाल्या घरांत दर मालिकेला निघतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या साध्या अँटेनावरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्याच्या मोफत डिशसेवेवरच दाखवायचं, खासगी केबल-डिशवर नाही. त्यामुळे फ्री डिशवर भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने दिसतात, आणि खासगी बॉक्सवर त्याच वेळी डीडी स्पोर्ट्सवर दुसरं काहीतरी चालू असतं. बॉक्स बिघडलेला नसतो. आयपीएल मात्र या कायद्यात येत नाही, त्याला सशुल्क चॅनेल किंवा ॲप लागतंच.

फ्री डिशला मासिक भाडं नाही, एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च. साधारण ६० सेंटिमीटरची छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे लावायची, महाराष्ट्रातून तिचं तोंड आग्नेयेकडे येतं. त्या दिशेला झाड किंवा उंच इमारत असेल तर सिग्नल मिळणार नाही, त्यामुळे खरेदीआधी गच्चीवर जाऊन बघा. डीडी सह्याद्री इथे आहे. खासगी चॅनेल मात्र लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. मराठी मालिकांचे मोठे सशुल्क चॅनेल मिळतील असं गृहीत धरू नका. शेतावरच्या घराला किंवा दुसऱ्या टीव्हीला फ्री डिश उत्तम. रोज रात्री साडेसात ते दहा ठराविक मालिका लागणाऱ्या घराला ती एकटी पुरत नाही.

याला जोडून एक नियम उपयोगी आहे. फ्री डिशवर विनाशुल्क दिसणारा चॅनेल ब्रॉडकास्टरने बाकी सगळीकडेही मोफत जाहीर केला पाहिजे, असं २०२४ च्या दुरुस्तीत आहे. तुमच्या बिलात असा एखादा चॅनेल पैसे घेऊन लावलेला दिसला तर विचारणा करा.

महाराष्ट्राबाहेरची मराठी घरं

इंदूर, बेळगाव, हैदराबाद किंवा बडोद्याच्या मराठी कुटुंबाला स्थानिक पॅक जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण त्यांत हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजराती चॅनेल भरलेले असतात. इथे सुटे मराठी चॅनेल हाच सरळ मार्ग. अडचण फक्त केबलवर येते: स्थानिक केबलच्या जाळ्यावर तो चॅनेल आलेलाच नसेल तर सुटा मागण्याचा हक्क असून उपयोग नाही. डिशचा सिग्नल देशभर एकच असतो, म्हणून अशा घरांनी आपले मराठी चॅनेल कोणत्या डिश कंपनीकडे आहेत हे आधी पाहून मगच कनेक्शन घ्यावं.

घरात ब्रॉडबँड असेल तर ॲपचाही हिशेब मांडा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर येतात. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. तरुण मंडळी मोबाइलवरच पाहत असतील तर त्यांचे चॅनेल टीव्हीच्या यादीतून काढा. ज्येष्ठांचे चॅनेल मात्र रिमोटवरच राहू द्या. वीस रुपये वाचवायला त्यांच्या हातात नवं ॲप देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बदल केला, पण चॅनेल दिसत नाही

पैसे कापले गेले आणि चॅनेल लागत नाही, याचं सर्वांत साधं कारण म्हणजे बॉक्स बंद होता. तुम्ही चॅनेल घेतला की ऑपरेटर तुमच्या कार्ड क्रमांकाच्या नावाने परवानगीचा संदेश पाठवतो. तो काही वेळ फिरत राहतो, आणि बॉक्स चालू असेल तरच त्यात उतरतो. बदल करताना बॉक्स चालू ठेवा, तोच चॅनेल लावून अर्धा तास थांबा. तरी नाही आला तर ॲपमधून किंवा फोनवरून 'रिफ्रेश' मागा. वारंवार बंद-चालू केल्याने काम लांबतं.

एकच चॅनेल दिसत नसेल तर परवानगीचा प्रश्न. सगळेच गेले असतील तर छत्री, वायर किंवा केबलची लाइन. पावसात चित्राचे चौकोन होत असतील तर सिग्नल कमी पडतोय. यातले शेवटचे दोन्ही प्रश्न यादी बदलून सुटत नाहीत, म्हणून पॅक पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

पहिलं नवं बिल किंवा पहिल्या महिन्याची कापणी आपल्या कागदाशी जुळवून पाहा. फरक असेल तर आधी कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या, क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका. तिथे काम झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे) लिहा, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. या सगळ्या ठिकाणी तीन कागद लागतात: तुम्ही पाठवलेली यादी, पैसे भरल्याची पावती आणि तक्रार क्रमांक.